पेटता बोळा

डिंभ्याच्या धरणकाठी आमचं पाण्याचं जुनं डिझेल इंजिन आहे. थंडीत त्या हरामखोराला कितीही हँडल मारा, ढिम्म. मग वडील डिझेलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा बोळा पेटवून एअर फिल्टरच्या तोंडाशी धरायचे. गरम हवा आत गेली की ते धडधडायचं. पौषात बोळ्याशिवाय ते कधीच सुरू झालं नाही.

यंदा ऐन पौषात, सकाळी मी बोळा भिजवत होतो, तेवढ्यात वडलांनी सहज हँडल फिरवलं. पहिल्याच झटक्यात सुरू! मी म्हटलं, "सुटलो एकदाचे."

वडील हसले नाहीत. कानाचा मफलर सोडत म्हणाले, "पौषात एवढी ऊब? हे बरं न्हाई. उद्या थंडी पडंल, मग न्हाई व्हायचं सुरू."

आठ दिवस झाले. इंजिन रोज पहिल्याच झटक्यात सुरू होतंय. वडील रोज बोळा भिजवून शेजारी ठेवतात.