रविवारचा मामा

लिंबाजीची बायको सरजाबाई काविळीनं गेली, तेव्हा त्यांची पोरगी पंचशीला अजून नीट चालतही नव्हती. भिंत धरून उभी राहायची आणि हात सुटला की बसकण मारायची. चाकूरच्या पलीकडं, पक्क्या सडकेपासून आत असलेल्या आमच्या गावात लिंबाजीला दुसरं कुणीच नव्हतं. आई-वडील आधीच गेलेले. एकुलती बहीण नागुबाई किनवटकडं इस्लापूरला दिलेली, तिचा नवरा भुजंग रेल्वेत गँगमन. चाकूरहून नांदेड आणि नांदेडहून किनवटची गाडी, असा तिच्याकडं जायला अख्खा दिवस लागायचा.

मातीला आलेल्या नागुबाईनं निघताना विचारलं, "दादा, पोरीला नेऊ का संगं? माझ्या दोघांत तिसरी."

"न्हाई," लिंबाजी म्हणाला. "तिची माय गेली. आता मी बी जाऊ का तिच्यापसून?"

नागुबाईनं पुन्हा विचारलं नाही. पोरीच्या अंगावरून हात फिरवून ती गेली.

लिंबाजी व्यंकटरावांकडं सालगडी होता. तो पोरीला पाठीशी बांधून रानात न्यायचा, बांधावरच्या आंब्याला झोळी टांगायचा आणि औत धरायचा. व्यंकटराव माणूस वाईट नव्हते. त्यांची बायको पोरीसाठी रोज दूध द्यायची. वाटी लिंबाजीची, दूध वरून ओतलेलं, पण रोज. एक दिवस पोरगी झोळीतून उतरून रांगत थेट बैलांच्या पायापाशी आली. लिंबाजी कासरा टाकून धावला. पोरगी वाचली, बैल मात्र शेजारच्या उभ्या ज्वारीत शिरले आणि चांगलंच नुकसान झालं.

संध्याकाळी व्यंकटरावांनी त्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. "लिंबा, मला गडी पाहिजे रे. माय न्हाई."

पाडव्याला त्याचं साल संपलं, ते पुन्हा धरलं गेलं नाही.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आता इथं हे होणार, तिथं ते होणार, अशा गप्पा पारावर चालायच्या. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं म्हातारे म्हणायचे. विहिरी आटल्या, जनावरं बाजाराकडं निघाली आणि गावापासून थोड्या अंतरावर पाझर तलावाचं काम निघालं. रोजगार हमीचं काम. मागेल त्याला मिळायचं, त्यामुळं लिंबाजीलाही मिळालं.

तिथं मजुरी माती मोजून मिळे. एकानं खोदायचं, दुसऱ्यानं टोपलं वाहायचं. बहुतेक नवरा-बायको जोडीनं यायचे, नाहीतर बाप-लेक. लिंबाजी आधी खोदायचा, मग कुदळ ठेवून टोपलं स्वतःच उचलायचा. दिवसभर राबून त्याचा खड्डा इतरांच्या अर्ध्यावर राही.

बायांच्या लेकरांसाठी कामावर लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. लेकरं सांभाळायला शरणम्मा नावाची म्हातारी ठेवली होती. तिला मजुराइतकाच रोज मिळे. ती कर्नाटकाच्या सीमेकडची, बोलताना अर्धे शब्द कानडी यायचे. पहिल्या दिवशी लिंबाजी पोरीला घेऊन मांडवापाशी गेला, तर मुकादम शेषेराव आडवा आला.

"हे बायांच्या लेकरांसाठी हाय. कोणत्या बाईचं लेकरू हे?"

"माझं हाय."

"तू बाई हायस का?"

खड्ड्यातले दोघं-तिघं हसले. एकानं ओरडून विचारलं, "लिंबा, पाजतोस बी का रं तूच?"

लिंबाजीनं पोरगी खांद्यावर घेतली. तो वळून चालू लागला तेव्हा मागून शरणम्मा आली आणि तिनं त्याच्या खांद्यावरून पोरगी काढून घेतली. शेषेरावाकडं न बघताच म्हणाली, "कूसु, लेकरू, कुणाचं बी असू दे. ऊन काय विचारून लागतंय?"

शेषेरावानं दुसरीकडं बघितलं. तेवढं बरं चाललं. फक्त मोठे साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी तो सकाळीच सांगून जायचा, "लिंबाजी, आज पोरगी तिथं नको दिसाया." मग त्या दिवशी लिंबाजी कामाला न जाता पोरीला घेऊन लांब बाभळीखाली बसून राही. तिथून त्याला मांडवातली लेकरं दिसत, खड्ड्यातली माणसं दिसत. कुणी त्याच्याकडं यायचं नाही. बायांजवळ जाऊन बसायची सोय नव्हती आणि पुरुष त्याला आपल्यातला धरत नव्हते.

कुणीतरी सांगितलं की ज्याला आधार नाही त्याला सरकार दर महिन्याला मदत देतं. म्हणून तो पोरीला घेऊन लातूरला गेला. कचेरी नवीन होती, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिथं उमादेवी नावाच्या बाई होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पोरीला बिस्किट दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, ही मदत विधवेला आहे, अपंगाला आहे, म्हाताऱ्याला आहे. धडधाकट पुरुषाला ती बसत नाही. तुम्ही कमावते आहात."

"बाई, कमवाया गेलो तर पोरीला कोन बघावं? अन् पोरीला बघत बसलो तर कमवावं कवा?"

उमादेवींनी पोरीकडं पाहिलं. "मुलांसाठी बालगृह असतं. तिथं ठेवता येईल हिला. खाणं-पिणं, शाळा, सगळं होतं."

"ज्यांना माय-बाप न्हाईत, त्यांच्यासाठी ना ते?"

"बाप असून ठेवणारेही खूप येतात."

लिंबाजी उठला. बाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमचं खोटं न्हाई, बाई. पण मी हाय ना अजून."

एस.टी.त परत येताना पोरगी त्याच्या मांडीवर झोपली होती. 'मी हाय ना' हे आपण म्हणून तर बसलो, पण आहोत म्हणजे नेमके काय आहोत, हे त्याला त्या दिवशी कळेना. हे त्यानंच मला पुढं कितीतरी वर्षांनी किनवटला सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तलावाचं काम संपलं. नवं काम रस्त्याचं निघालं, लांब माळावर. शरणम्मा लेकाकडं देगलूरला निघून गेली. माळावर झाड नव्हतं आणि मांडव अजून व्हायचा होता. 'उद्या घालू, परवा घालू' असं शेषेराव म्हणत राहिला. लिंबाजीनं चार काठ्या रोवून धोतर बांधलं आणि त्याखाली पोरीला ठेवलं. पहिले काही दिवस ती रडायची, हाका मारायची. त्या दिवशी मात्र हाक आली नाही. झोपली असेल म्हणून तो खडी टाकत राहिला.

पाणी पाजायला गेला तेव्हा पोरीचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. जुलाब झालेले होते, त्यावर माश्या बसल्या होत्या. तो तिला उचलून माळ तुडवत सडकेला आला. एका ट्रकवाल्यानं चाकूरला सोडलं. दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी पोरीनं पाणी मागितलं तेव्हा लिंबाजी भिंतीकडं तोंड करून रडला. डॉक्टर रागावले नाहीत, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "पुन्हा हिला उन्हात न्याल, तर मग माझ्याकडं आणून उपयोग नाही."

चार दिवसांनी तो तिला घेऊन किनवटच्या गाडीत बसला.

इस्लापूरला पाणी होतं, सावली होती, नागुबाईचं घर सारवलेलं होतं. भुजंगानं त्याला जवळ बसवून घेतलं. "पाव्हणं, मनात काही ठेवू नका. माझ्या लेकरांसंगं वाढंल." नागुबाईच्या दोन्ही पोरांनी पंचशीलाला ओढत आंगणात नेलं. दुसऱ्या दिवशी तिघं चिंचोके खेळत बसली असताना नागुबाई हळूच म्हणाली, "दादा, खेळात हाय तवरच निघ. बघितलं तर सोडायची न्हाई."

तो मागच्या दारानं निघाला. स्टेशनपर्यंत त्याचे कान मागं होते. हाक आली नाही.

पुढची जवळपास दोन वर्षं तो कामावर होता. पोरगी संगं नसल्यावर एका गड्यानं त्याला जोडीला घेतलं, आणि आता त्याचा खड्डा इतरांइतका भरू लागला. मजुरी पुरी मिळायची, धान्य मिळायचं. आयुष्यात पहिल्यांदा पोटभर भाकरी होती आणि ती गिळवत नव्हती. सवयीनं तो तव्यावर एक लहान भाकरी जास्तीची टाकायचा, मग ती कुत्र्याला घालायचा. झोपताना वाकळेची एक बाजू रिकामी सोडायचा. दुसरं लगीन कर म्हणून दोघा-तिघांनी सुचवलं. एका बाईकडून निरोपही आला, की पोरगी तिकडंच राहणार असेल तर हरकत नाही. त्यानं निरोपाचं उत्तर दिलं नाही. मजुरीतून वाचेल ते नागुबाईला पाठवायचा. जायचं मात्र टाळायचा. एकदा गेलो तर पोरीला पुन्हा सोडून येणं जमणार नाही, असं त्याला वाटायचं.

शेवटी चौदा एप्रिलच्या जयंतीला तो गेला. निळा फ्रॉक घेतला होता. नागुबाईच्या आंगणात तीन लेकरं खेळत होती. थोरला ओरडला, "मामा आला!" धाकटाही ओरडला, "मामा आला!" त्यांच्या मागं पंचशीला धावत आली, त्याच्यापासून चार हातांवर थांबली आणि हसून म्हणाली, "मामा आला!"

नागुबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "अगं, मामा त्यांचा. तुझा बाप हाय तो."

पंचशीलानं घराकडं बोट केलं. आत भुजंग दाढी करत बसला होता. "बा तर घरात हाय की."

"ऱ्हाऊ दे, नागू," लिंबाजी म्हणाला. त्यानं फ्रॉक काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लगेच घातला आणि मिरवायला निघून गेली.

रात्रीच्या जेवणाला भुजंग शरमल्यासारखा झाला होता. "म्या न्हाई शिकवलं, पाव्हणं. पोरांचं ऐकून म्हनती. तुम्ही घेऊन जा तिला. तुमची हाय."

"कुठं नेऊ? माळावर?" लिंबाजी म्हणाला. मग ताट बाजूला सारून म्हणाला, "हिकडं काही काम मिळंल का मला?"

भुजंगाच्या ओळखीनं किनवटला मुलांच्या वसतिगृहात काम मिळालं. मुलांचा स्वयंपाक, भांडी, पाणी. स्वयंपाकघरामागं राहायला खोली. पण वसतिगृह मुलांचं, तिथं मुलीला ठेवायची परवानगी नव्हती. शंभरेक पोरांना तो सकाळ-संध्याकाळ वाढायचा, आजारी पोराच्या उशाला बसायचा, आणि रविवारी गाडीनं इस्लापूरला जायचा. पंचशीला त्याची वाट बघायची, कारण तो खाऊ आणायचा. रविवारचा मामा.

पहिलीत नाव घातल्यावर एकदा ती शाळेतून आली आणि दप्तर न टाकताच नागुबाईला विचारू लागली, "आत्या, माझ्या नावामागं मामाचं नाव कामून हाय? दादाच्या नावामागं तर बाचं हाय."

नागुबाईनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी ती बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लिंबाजी आंगणात बसून राहायचा आणि गाडीची वेळ झाली की उठायचा. असे बरेच रविवार गेले. मग एकदा ती आपणहून येऊन दाराच्या चौकटीला टेकली.

"मला इथं टाकून कामून गेलास?"

"टाकून न्हाई गेलो."

"आत्या म्हनली, म्या खेळत असताना गेलास."

त्याला खोटं बोलता आलं नाही. "हाव. गेलो. काम होतं अन् सावली नव्हती. तू मरायला लागली होतीस."

"मग सांगून जायचं होतं."

"हाव," तो म्हणाला. "सांगून जायाला पाहिजे होतं."

ती चौकटीपासून दूर झाली. मग आत गेली.

ती चौथीत असताना त्यानं एकदा तिला किनवटला आणून पाहिलं. गावात खोली भाड्यानं घेतली. पहाटे तो वसतिगृहात जायचा. ती एकटी उठायची, एकटी शाळेत जायची आणि अंधार पडेपर्यंत दारात बसून राहायची. तक्रार करायची नाही. एक दिवस त्यानं पाहिलं, ती शेजारच्या मांजराला इस्लापूरच्या पोरांची नावं सांगत होती. एकटं बसणं काय असतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो म्हणाला, "जायाचं का आत्याकडं?" तिनं मान डोलावली आणि पहिल्यांदाच त्याच्या कमरेला मिठी मारली. शनिवारी तो तिला परत सोडून आला. या वेळी तो पुढच्या दारानं निघाला. ती स्टेशनापर्यंत सोबत आली, आणि गाडी हलेपर्यंत दोघांनी एकमेकांकडं नीट बघितलं नाही.

दहावीनंतर ती नांदेडला नर्सिंगला गेली. मुलींच्या वसतिगृहात राहिली, सवलतीवर शिकली. आता ती सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. लिंबाजी किनवटलाच राहिला. वसतिगृहाची नोकरी सुटली, केस पांढरे झाले, तरी गावी परतला नाही. गावात त्याचं म्हणून काही उरलं नव्हतं, आणि इस्लापूर तिथून लांब पडलं असतं. भुजंग वारला तेव्हा पंचशीला लेकीसारखी रडली. लिंबाजी बाजूला उभा होता. त्याला वाईट वाटलं का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "वाईट कशाचं? वाढवलं त्यानं. तिनं रडायालाच पाहिजे."

मी त्याला शेवटचं भेटलो तेव्हा पंचशीला आलेली होती. मला चहा देताना तिनं ओळख करून दिली, "हे माझे वडील." अगदी सहज, नोकरीतल्या माणसाच्या शुद्ध बोलीत. मग ती त्याच्याकडं वळली आणि थोडी थांबली. मामा तिनं केव्हाच सोडलं होतं, आणि बा म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. काहीच हाक न मारता तिनं विचारलं, "गोळी घेतली का?"

"हाव, घेतली," लिंबाजी म्हणाला, आणि बशीत चहा ओतू लागला.