संपादक आणि मावशीच्या मुक्या सायकली

घरात त्याला सगळे 'संपादक' म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. सकाळी चहाचा कप हातात आला की पोरगा कुठल्या ना कुठल्या विषयावर अग्रलेख सोडायचा, आणि बाबा पेपराची घडी घालत विचारायचे, "बोला संपादकसाहेब, आज कोणाची धडगत नाही?"

नोकरी रंगाच्या दुकानात. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येई आणि हा यंत्रावर हुबेहूब तसा रंग मिसळून देई. उरलेलं आयुष्य तीन गोष्टींना वाहिलेलं: कॉम्प्युटर, जगाचं राजकारण आणि व्यायाम. तिन्हींवरची मतं ठाम, आणि ती न मागता मिळत. ताकद वाढवायच्या पावडरी म्हणजे रंगीत भुकटी. लढाई कुठेही पेटो, तिचं मूळ शेवटी चिपच्या कारखान्यात सापडणार. इंटरनेटवरून फाईल उतरत असताना खुर्चीत बसून राहणारा माणूस आळशी. तेवढ्या वेळात उठाबशा काढाव्यात. तो काढायचाही. दाराच्या चौकटीला लोंबकळत समुद्राखालच्या केबलींवर बोलू लागला की आईचा जीव खालीवर होई. आधी चौकट निखळते की याचा खांदा, एवढंच बघायचं बाकी असे.

पण तिची खरी काळजी निराळी होती. पोरगा इतकं बोलतो, पण करून काय दाखवलं? पाहुणे हसतात, तोही त्यांच्याबरोबर हसतो. कधीतरी ते हसू त्याला लागेल, आणि आपल्याला पाहवणार नाही.

आईच्या धाकट्या बहिणीने शाळेतली नोकरी सोडून बेकरीच्या वरच्या मजल्यावर व्यायामाचा हॉल काढला होता. त्यातल्या बारा सायकली म्हणजे तिचा जीव की प्राण. प्रत्येकीला पडदा, पडद्यावर घाटाचा रस्ता, चढ आला की पेडल आपोआप जड. एका सकाळी त्या चालूच होईनात. पडद्यावर नुसतं एक चाक गरगरत राही आणि मग लाल अक्षरं: संपर्क होत नाही. फोन लावता लावता कळलं की सायकली बनवणारी कंपनीच बुडाली. दोन देशांत व्यापारावरून जुंपली, एकात सुटे भाग बनत, दुसऱ्यात विक्री होई. कंपनी मधल्यामध्ये भरडली गेली.

हॉलवर येणारी माणसं गळू लागली. जागेच्या मालकाकडे एक फर्निचरवाला टपूनच बसला होता. जागा ठेवता की सोडता, रविवार संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, असं मालकाने मावशीला बजावलं. ती बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि रडली नाही, हेच आईला जास्त लागलं.

संपादक चौकटीवरून खाली उतरला. "मी पहिल्यापासून सांगत होतो मावशी. जी वस्तू चालू व्हायला सातासमुद्रापलीकडे परवानगी मागते ती आपली नसतेच. आपण तिचे भाडेकरू! आणि हे दोन्ही देश तर..."

"सांगत होतास ना?" आई कडाडली. "मग आता सांगू नकोस. कर काहीतरी!"

तो मावशीकडे वळून म्हणाला, "करतो. मावशी, रविवारी हॉलवर सगळ्यांना बोलाव."

"सगळ्यांना कशाला?" आईने विचारलं, पण तोवर मावशीने बोलावणी करायला फोन काढला होता. आईने जीभ चावली. आता बहिणीची रोजीरोटी आणि पोराची अब्रू, दोन्ही एकाच हॉलमध्ये टांगलेली.

दुकान सुटलं की तो रोज हॉलवर जाऊन बसे. आई डबा घेऊन जाई आणि डबा निमित्तच असे. "अगं, या सायकली म्हणजे आज्ञाधारक पोरं," तो तिला समजावू लागला. "मोठ्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत. चालू होऊ का, असं विचारतात, आणि तिकडे उत्तर द्यायला कोणी उरलंच नाही. बाबांचा जुना लॅपटॉप त्या मोठ्या माणसाच्या जागी बसवतो. तो म्हणेल, हो."

"मग बसव की."

"पण 'हो' कुठल्या शब्दांत म्हणायचं? तेच तर कोणाकडे नाही."

ते मिळालं इंटरनेटवरच्या एका चर्चेत, अशाच बंद पडलेल्या सायकलींचे मालक जिथे गाऱ्हाणी मांडत होते. एका बाईने कंपनी जिवंत असताना सायकलीचं तिच्याशी झालेलं संभाषण जपून ठेवलं होतं. एका गृहस्थाने ते उलगडून दाखवलं. ती भांडणाऱ्या दोन देशांपैकी एकातली, तो दुसऱ्यातला. सकाळी चहाला संपादकाने हे सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे त्या दोन देशांवरच्या अग्रलेखात दुरुस्ती?"

"छापा," संपादक म्हणाला. "मोठ्या टायपात छापा."

रविवारी हॉल भरला. पुढच्याच सायकलीवर दातांचे डॉक्टर बसले. थट्टेत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "काय संपादक, आज सायकल चालणार की तोंडच?"

"डॉक्टर, तोंडाचं तुम्ही बघा, सायकलीचं मी बघतो."

मावशीने शिट्टी फुंकली. बाराही जणांनी बटणं दाबली. पडद्यांवर चाकं गरगरली, गरगरत राहिली, आणि एकेक करत सगळे पडदे लाल झाले.

कोणीतरी फिसकन हसलं. आईला पोराकडे बघवेना आणि बहिणीकडे तर त्याहून नाही. संपादक लॅपटॉपवर वाकला होता, कान लाल. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, सगळ्यांनी एकदम विचारलंत! म्हातारा लॅपटॉप आहे, बारा तोंडांना एका दमात काय उत्तर देणार? मी एकेकच करून पाहिलं होतं. चूक माझी. उतरा सगळे. मावशी, तू चढ. एकटी."

मावशी चढली. बटण. चाक फिरलं... आणि पडद्यावर घाट उलगडला. हिरवागार. तिने पाय मारला, पहिल्या चढाला पेडल जड झालं, आणि ती लहान पोरीसारखी ओरडली, "ताई, चढ लागला गं!"

"आता डॉक्टर," संपादक म्हणाला. मग बेकरीवाला. मग पुढचा. प्रत्येक पडद्याला टाळ्या वाढत गेल्या. शेवटची सायकल जिवंत झाली तेव्हा बाराही चाकांची घरघर अशी उठली की खिडक्यांची तावदानं थरथरू लागली. डॉक्टर धापा टाकत ओरडले, "संपादक, शब्द मागे घेतो! हा चढ तेवढा कमी कर!"

"चढ कमी होणार नाही. गुडघे गंजलेत तुमचे, जरा घासून निघू देत."

आई हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मावशीने पेडल न थांबवता मालकाला फोन लावला. पलीकडून तो काहीतरी विचारत राहिला. तिने उत्तर दिलंच नाही. फोन उंच धरून चहूकडे फिरवला, चाकांच्या, टाळ्यांच्या, डॉक्टरांच्या बोंबलण्याच्या दिशेने, आणि मग कानाला लावला.

"ऐकलंत ना? मग त्या फर्निचरवाल्याला सांगा, दुसरी जागा बघ म्हणावं."