कळलावीचं पान

सत्तर साली नाशिकरोडला हावड्याची गाडी लागली तेव्हा निम्मी कॉलनी फलाटावर होती. मुलगी एकटी चित्रकाराच्या नोकरीला कलकत्त्याला निघाली, याचंच सगळ्यांना नवल. जयभीम करून करून माझे हात दुखले. अण्णा मात्र खिडकीशी एकच वाक्य घेऊन उभे. "दिसेल तेच काढायचं गं. मनचं काही घालायचं नाही."

अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे. आपल्या गंगापूर रोडच्या घरात त्यांचं एकच चित्र टांगलेलं होतं, कळलावीच्या वेलाचं. लालपिवळी फुलं, टोकाशी वळलेली पानं आणि डावीकडच्या पानाला कुरतडलेलं भोक. शशी, तुला आठवत असेल, पाहुणे भोकाबद्दल विचारायचेच, आणि अण्णा खुलायचे. त्र्यंबकच्या डोंगरात छत्री धरून चित्र काढत बसले होते, तर समोर अळी पान खातेय. काळी, अंगावर पांढरे-लाल ठिपके. "म्हटलं, तू जेव, मी काढतो." तू म्हणायचास, "मग ती काय म्हणाली, अण्णा?" त्या अळीच्या नादानं मी चित्रकार झाले.

कलकत्त्याच्या वनस्पती सर्वेक्षणाच्या ऑफिसात वाळवून कागदावर चिकटवलेल्या रोपांची चित्रं काढायची. पान किडकं असलं तर चित्रात ते धड करून घ्यायचं, अशी आमची रीत. म्हणून एका इंग्रज साहेबाच्या जुन्या जाडजूड ग्रंथात कुरतडलेलं पान दिसलं तेव्हा मी थबकले. कळलावी. तीच फुलं, तेच वळण, डावीकडे तेच भोक. खाली साहेबाचं नाव. ज्या देशी चित्रकारानं ते काढलं, त्याचं नाव कुठेच नाही. अण्णांना हा ग्रंथ कुठल्या वाचनालयात सापडला कोण जाणे, पण त्यांनी रेघ न् रेघ उतरवून घेतली होती.

नकलेचं एवढं वाटलं नाही. शिकताना सगळेच नकला करतात. पण अळी? माझ्या लहानपणीची ती अळी त्यांनी भोकासाठी रचली होती तर!

मी पत्रं कमी केली. बऱ्याच वर्षांनी सुट्टीत घरी आले. शेजारचे काका बसले होते आणि अण्णांनी गोष्ट सुरू केली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. चहा पुढे करता करता मी म्हणाले, "अण्णा, ते भोक आमच्या ऑफिसच्या पुस्तकातही आहे. साहेबाच्या काळातलं." काका हसले. अण्णांनी चहा संपवला. पुढे अण्णा वारेपर्यंत आम्ही हवापाण्याचंच बोललो.

ते गेल्यावर शशी, तू सांगितलंस, "ताई, तू परतलीस आणि त्यांनी चित्र उतरवलं. कुठे ठेवलं, माहीत नाही. खिळा तेवढा काढू दिला नाही."

यंदा मी इथे कुंडीत कळलावी लावली. एका सकाळी पानावर अळी. काळी, अंगावर पांढरे-लाल ठिपके. ग्रंथात अळी नव्हती, नुसतं भोक होतं. म्हणजे अण्णा डोंगरात गेले होते. त्यांनी ती बघितली होती.

मग स्वतः बघितलेलं का नाही काढलं, अण्णा? दुसऱ्याचं चित्र भिंतीला लावून मला कशाला सांगितलंत, दिसेल तेच काढ म्हणून? राग अजून गेलेला नाही, आणि ज्यांना विचारायचं त्यांना मीच गप्प केलं.

नाशिकचं घर आता तुझं आहे, शशी. माझं म्हणून तिथे तो खिळा उरलाय. तुझी सुनंदा त्यावर भाजीची पिशवी टांगते. खुशाल टांगू दे. भिंतीला रंग द्याल तेव्हा मात्र तो उपटू नका.