उदाहरणाची मोकळी जागा

“कोणी सांगितलं?” हे विचारल्याशिवाय मेजरसाहेब कशावरही विश्वास ठेवत नसत. चहा ताजा आहे म्हटलं, तरी तेच.

टॉवर चौकात माझा टायपिंगचा क्लास होता. समोर नुकतंच कॉम्प्युटर शिकवणारं दुकान उघडल्यामुळे विद्यार्थी रोडावले होते. अशा दिवसांत माधवनगरात राहणारे हे निवृत्त मेजरसाहेब फाइल घेऊन आले. लष्करी प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने त्यांच्याकडून निबंध मागवला होता. गावात सशस्त्र अतिरेकी लपलेत असा संशय असेल, तर फौजेने काय करावं? गावाला वेढा घालून झडती घ्यावी, की जवळ चौकी टाकून आधी लोकांशी ओळख वाढवावी?

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. दाराकडे पाठ करून बसायचे नाहीत. टाइप झालं की कार्बनसुद्धा मोजून घेऊन जायचे. मीही काही कमी नव्हते. हा माणूस नक्की कोणासाठी लिहितोय, याबद्दल मला दाट संशय होता.

त्यांचा कौल वेढ्याला होता. “पोरांना साफ हुकूम लागतो, ताई. हे पण आणि ते पण, असं बिलकुल चालत नाही.” पण चौथ्या पानावर त्यांनी अर्धं पान कोरं सोडायला लावलं. तीन वेळा निबंध पुन्हा टाइप झाला, पान कोरंच.

“उदाहरण कधी देणार?” मी विचारलं.

“उदाहरण आहे, हे कोणी सांगितलं?”

“जागा तुम्हीच सोडलीत ना!”

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि बोलू लागले. डोंगरातलं गाव. चुलींचा धूर नाही, शेतात माणूस नाही, दारं बंद, वाटेवर हिरवी फांदी रोवलेली. खबऱ्या म्हणाला, आत अतिरेकी आहेत. साहेबांनी वेढा दिला. एक म्हातारा हात पसरून आडवा आला आणि गोळी सुटली; म्हातारा गेला. आत लपलेलं कोणीच नव्हतं. पेरणीनंतर एक दिवस गाव घराबाहेर पडत नाही, परक्याला आत घेत नाही, फांदी त्याचीच खूण, एवढंच होतं.

“हुकूम माझा होता. त्या गावातून तोवर कोणी अतिरेक्यांना मिळायला जंगलात गेलं नव्हतं. नंतर पोरं गेली.”

मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली.

त्याच दुपारी त्यांनी निबंधाचा शेवट बदलला. ‘आधी एक दिवस गावाबाहेर बसा आणि गाव गप्प का आहे ते विचारा.’ उदाहरणात स्वतःचं नाव घातलं. नाव टाळा, असं मी सुचवलं. “मग पोरं शिकतील काय?” म्हणाले.

निबंध गेला. दोन महिन्यांनी साहेब झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर त्यांच्या पत्नी संस्थेचं इंग्रजी पत्र घेऊन क्लासवर आल्या. मी वाचून दाखवलं. निबंध उत्तम आहे, उदाहरण वगळून छापू, संमती कळवावी.

“कोणतं उदाहरण?” त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. चहा निवला. मग पदराने तोंड पुसून बाई म्हणाल्या,

“संमती नाही म्हणून लिहा. छापायचं तर पूरा छापा. सही मी करते.”