पिल्लं नसलेल्या खेकड्या

लग्न होऊन पाथर्डीकडच्या वस्तीवर आले तेव्हा सासूबाईंचा पहिला दंडक कळला. औषधाचा पंप विहिरीपाशी न्यायचा नाही, तिथं देव आहेत. मग उन्हाळी वांग्यांवर फवारणी झाली की पंप ओढ्यावर धुवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओढा आटून तेव्हा एकच डोह उरलेला असायचा. पंपातलं उरलंसुरलं औषध पडलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि मी बघत बसायची. काय ती अक्कल!

आषाढात, श्रावण लागायच्या आत, घरात खेकड्यांचं कालवण व्हायचंच. सासूबाई दगडाखाली खुशाल हात घालायच्या, मी टोपली धरायची. खेकडी सापडली की त्या आधी ती उलटी करून बघत. पोटावरच्या झाकणाखाली पिल्लं असली तर सोडून देत. लेकुरवाळी चुलीवर चढवायची नाही, हा दुसरा दंडक.

एका वर्षी त्यांनी एकामागून एक खेकडी उलटी केली. एकीच्याही पोटाशी पिल्लू नव्हतं. दोघीतिघींच्या झाकणाखाली काळी पडलेली अंडी तेवढी चिकटलेली होती, त्यांना वास येत होता.

"आषाढ आला अन् एकीला बी पिल्लू न्हाई," त्या म्हणाल्या. "आसं कदी बघितलं न्हवतं."

मला चौथा महिना होता. त्या पांढऱ्या पाण्यात माझे हात कोपरापर्यंत बुडाले होते.

"आत्याबाई, पंप मी हितंच धूत हुते," मी कशीबशी बोलले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपली डोहात रिकामी केली आणि माझ्या पोटाकडं बघितलं.

"इहिरीला जपलं, वढ्याला इसरले. चूक माजी हाय. आता पंपाला हात लावू नकोस. वढ्यापासनं लांब खड्डा करून मीच धुईन."

तुला काही होणार नाही, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ते मला महिनोन् महिने टोचत राहिलं.

मार्गशीर्षात मुलगी झाली. धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. तरी माझा जीव काही थाऱ्यावर येईना. रोज न्हाऊ घातलं की मी तिची बोटं मोजायची, हातांची आणि पायांची.

"रोज काय मोजतीस? नवी उगवत्यात का?" सासूबाई वैतागायच्या.

पुढचा आषाढ आला. चांगला पाऊस होऊन ओढा दोनदा धुऊन निघाला होता. मुलीला कडेवर घेऊन मी काठावर उभी राहिले. पहिल्या दोन खेकड्या रिकाम्याच निघाल्या. तिसरी उलटी केली आणि सासूबाई मोठ्यानं हसल्या. झाकणाखाली मुगाएवढी पिल्लं नुसती वळवळत होती.

"जा बाई, बाळंतीन हायेस," असं म्हणून त्यांनी तिला अलगद दगडापाशी सोडलं. मला रडूच फुटलं. एका खेकडीपायी इतकं रडणारी सून त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला न्हाऊ घातलं, पुसलं, काजळ घातलं आणि दुपट्यात गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर दिलं.

"आज बोटं न्हाई मोजली?" त्यांनी विचारलं.

"राहिलीच की," मी म्हणाले, आणि चुलीकडं वळले.