क्लचचा नवस

मानकापूर चौक ओलांडला तेव्हा आमच्या गल्लीतली मंडळी बरीच पुढे निघून गेली होती. मागे राहिलो मी आणि मारोतभाऊ भोयर. नवरात्रात हुडकेश्वरहून कोराडीला देवीआईच्या दर्शनाला पायी जायचं, हे आमचं नेहमीचं. एरवी मारोतभाऊ सगळ्यांच्या पुढे असायचे. यंदा ते अनवाणी होते, आणि मागे होते.

"तुमी व्हा ना पुढं, ताई," ते म्हणाले. "माझी गाडी आज फर्स्ट गेअरमधीच हाय."

"मले तरी कोणतं लग्न गाठाचं हाय? चला हळूहळू."

मारोतभाऊ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. माझा मुलगा त्यांच्याच गाडीत शाळेत गेला, आता नात भूमिका जाते. त्यांना आणि कौसल्यावहिनींना मूलबाळ नाही. पण कोणत्या पोराला खिडकीशी बसवलं नाही तर उलटी होते, कोणाचा दात कधी पडला, हे सगळं त्यांना ठाऊक. मुलींच्या सुटलेल्या रिबिनी तेच बांधायचे. गाठ अशी पक्की की संध्याकाळी घरी त्यांच्या आईला कात्री घ्यावी लागे.

पण या वर्षात गाडीने त्यांना फार छळलं. दोनदा क्लच गेला. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. उड्डाणपुलावर चढताना जळका वास यायचा. दोन्ही वेळा विक्की मिस्त्रीने नवी प्लेट टाकली. विक्की लहानपणी याच व्हॅनमधून शाळेत जायचा, त्यामुळे त्याची भीड चेपलेली. दुसऱ्या वेळी तो तोंडावरच म्हणाला, "काका, तुमी चालवताना पाय क्लचवरच ठेवता. म्हणून प्लेट घासून जळून राहिली."

"तू शेंबडा होता तवापासून चालवतो मी गाडी. मले शिकवतं काय बे?"

"मंग काय पेडलवर कोणी वीट ठेवली होती?"

एवढ्यावरून बोलणं बंद झालं. मारोतभाऊ चिडले की कोणाचं ऐकत नाहीत. विक्की डुप्लिकेट माल टाकतो, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले, आणि लोकांनी ते खरं मानलं. विक्कीच्या गॅरेजपुढच्या गाड्या कमी झाल्या.

तिसरी प्लेट त्यांनी दुसऱ्याकडून बसवली. त्या मिस्त्रीने बजावलं होतं, नवी चप्पल कशी पायाला बसू देतो, तशी ही प्लेट बसू द्या. सुरुवातीला जोर नको, लोड नको, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी रोखू नका. मारोतभाऊंनी अगदी तसंच केलं. एका फेरीची मुलं दोन फेऱ्यांत नेली. रविवारी रिकामी व्हॅन उमरेड रोडला इतकी हळू चालवली की सायकलवाले वळून बघायचे. आणि वर आईला नवस बोलले, हा क्लच टिकू दे, अनवाणी येतो.

"क्लचचा नवस बोलणारे तुम्हीच पहिले," आमचे हे म्हणाले. गल्ली हसली. मी हसले नाही. मी स्वतः कुकरच्या रिंगेपासून सगळं आईला सांगत असते. फक्त म्हटलं, "भाऊ, तुमाले शुगर हाय, चप्पल घाला." ते म्हणाले, "आईच पाहून घेईन."

तर मानकापूरच्या पुढे आम्ही चाललो होतो. ऊन चढलं होतं. रस्त्यावर लाल ठिपके दिसले. आपल्याकडे रस्त्यावर लाल दिसलं की तंबाखूचा खर्राच आठवतो. कोणी थुंकलं असेल म्हणून मी साडी सावरली. पण ठिपके संपेनात. मारोतभाऊंचं पाऊल उचललं जाई, की तिथे नवा ठिपका.

"भाऊ, थांबा. पाय पाहू."

"कायचा पाय?"

फराळ वाटणाऱ्यांच्या मंडपात मी त्यांना खुर्चीवर बसवलं. डाव्या तळव्यात बाटलीची काच घुसली होती, चांगली बोटाएवढी. मंडपातल्या एका बाईने पाणी आणलं. मी काच ओढून काढली. मारोतभाऊ मात्र हातातलं केळं सोलत होते.

"दुखलं नाई?"

त्यांनी माझ्या हातातल्या काचेकडे पाहिलं, मग पायाकडे. केळं तसंच राहिलं.

"दाबा बरं," ते म्हणाले. मी अंगठा दाबला. बोटं दाबली. टाच दाबली.

"दाबलं?"

"दाबलं."

मी त्यांच्या कपाळाला बांधलेला रुमाल मागून घेतला आणि पाय बांधला. मला भूमिका डोळ्यांपुढे दिसत होती, व्हॅनच्या मधल्या सीटवर.

"शुक्रवारी पुलावर पोट्टे म्हणत होते, काका, वास येऊन राहिला," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं, बाहेरून येत असन. पाय पेडलवरच असन, ताई. मले समजलाच नाई. विक्की खरं सांगत होता."

"डॉक्टरकडे जाऊ. औषध असन काही."

"पायाले असन. पण तोपर्यंत मी पोट्टे कसे बसवू गाडीत?"

दूरवर कोराडीच्या वीजघराच्या चिमण्या दिसत होत्या. तिकडे तोंड करून त्यांनी बसल्या जागी हात जोडले. मीही जोडले. मग त्यांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि माझ्या ओटीत ठेवली.

"पालकाइले तुमीच सांगा, ताई. सांगा, का मारोतरावच्या गाडीचा क्लच पुन्हा गेला. आता गाडी बंद."

मी मान डोलावली. त्यांनी रुमाल बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"नाई. तसं नोका सांगू. पुन्हा विक्कीवरच येईन सारं. पायच सांगा," ते म्हणाले. "फक्त मी तिथं असताना नोका सांगू."