मामाचा आपटलेला कॅमेरा

बंद पडलेलं मशीन आमच्या अराबाच्या हातात द्यावं आणि निवांत केंके-मासा खायला बसावं. हात धुऊन येईपर्यंत ते चालू झालेलं असतं. घानाच्या किनाऱ्यावर सॉल्टपॉन्डपासून केप कोस्टपर्यंत अशी दुसरी पोरगी दाखवा, लागली पैज.

पण त्या वर्षी तिचाही घाम निघाला. आमचे वडील सणाला गावातल्या पिवळ्या पलटणीचं निशाण नाचवायचे. ते गेले तेव्हा आमचा धाकटा भाऊ फीफी रांगत होता. तेव्हापासून निशाण पेटीतच. फीफी मोठा झाला, तसा पलटणीच्या म्होरक्याचा, म्हाताऱ्या सुपीचा निरोप आला. "यंदा सणाला पोरानं बापाच्या चालीनं निशाण नाचवून दाखवावं. नाही जमलं तर निशाण दुसऱ्या घरात जाईल."

बापाची चाल फीफीनं कुठे बघितली होती? ती होती एका व्हिडिओ कॅसेटमध्ये, आणि कॅसेट आईच्या ट्रंकेत, कापडांच्या घड्यांखाली, पांढरी बुरशी चढलेली. अराबानं तोंडाला फडकं बांधून ती उघडली, हलक्या हातानं अख्खी पट्टी पुसली आणि नव्या खोक्यात भरली.

आता मशीन कुठलं घ्यायचं? पहिला व्हीसीआर अमेरिकेच्या जुन्या मालातला होता. तिकडची पद्धत वेगळी, त्यात आपली कॅसेट धड दिसेचना, चित्र नुसतं गरगर फिरायचं. मग अराबानं अक्रातल्या व्यापाऱ्याकडून भारीतलं मशीन आणवलं, थरथरतं चित्र सावरून धरणारं. त्यात वडील दिसले. पण कमरेपर्यंतच. खाली नुसते पांढरे पट्टे.

"मी काय फक्त हात नाचवू?" फीफी म्हणाला.

"तोंड तर नाचवतोच आहेस. गप बस जरा."

अराबा विचार करत बसली. मशीन चांगलं, पट्टी स्वच्छ, तरी पाय का दिसत नाहीत? "आई, हे ज्यानं शूटिंग केलं, त्याचा कॅमेरा कधी पडला होता का गं?"

"तुझ्या कोबिना मामाचाच तो. त्याच सकाळी होडीतून उतरताना आपटला. दिवसभर मलाच शिव्या देत होता, जसं काही मीच ढकललं त्याला."

अराबानं कपाळाला हात लावला. कॅमेऱ्याचं हेड आपटून तिरकं झालेलं, म्हणून पट्टीवर सगळं तिरकंच उतरलेलं. सरळ मशीनला ते वाचता येणार कसं? आता जगातलं कितीही महागडं मशीन आणा, उपयोग नाही. तोच कॅमेरा पाहिजे.

आणि कोबिना मामा आईचा सख्खा भाऊ असला तरी निळ्या पलटणीचा. माणूस पलटणीत जातो तो बापाच्या, आणि त्याचा बाप निळा. बहिणीच्या हट्टापायी त्यानं आमच्या निशाणाचं शूटिंग केलं, तर निळ्यांनी त्याला बकरा दंड लावला होता. निळ्यांच्या गल्लीत पिवळं निशाण दिसलं की डोकी फुटतात.

हे सगळं ठाऊक असून सुपीनं काय करावं? पलटणीचे दोन म्हातारे जिनची बाटली घेऊन रीतसर मामाकडे धाडले. मामानं बाटली न उघडता परत दिली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अराबा एकटी गेली. आईचं कापड नेसून, तळलेले मासे घेऊन.

"पिवळ्यांनी आता बाई पाठवली का?" मामा दारातूनच म्हणाला.

"पिवळे काल येऊन गेले. मी तुझ्या बहिणीची पोरगी आहे, मामा."

"मग? कॅमेरा काय तुझ्या बापाचा आहे?"

"बापाचा असता तर मागायला आले असते का? मामाचा आहे. तुझ्यामागे तो कुणाकडे जायचा? तुझ्या पोरांकडे?"

मामानं माशांकडे बघितलं. आमच्यात मामाचं जे असेल ते बहिणीच्या लेकरांचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मासे कोणी तळले?"

"आईनं."

"मग खारट असणार. ये आत. कॅमेरा उंबऱ्याबाहेर जाणार नाही. चित्रावर कापड टाक, गल्लीला दिसता कामा नये. मी तिकडे तोंड करून बसतो."

अराबानं कॅसेट कॅमेऱ्यात घातली, चित्र उतरवून घ्यायला त्याची वायर लॅपटॉपला जोडली, डोक्यावरून कापड ओढून घेतलं. पट्टे थरथरले आणि विरले. वडील उभेच्या उभे समोर आले, अनवाणी, पायांत वाळू. निशाण एका पायाखालून गेलं, पाठीमागून आलं, खांद्यावर उलगडलं. अराबाला लॅपटॉप नीट दिसेना. तिनं कापडाच्या टोकानं डोळे पुसले.

"आता डावा गुडघा टेकेल बघ," भिंतीकडे तोंड केलेला मामा म्हणाला. "तिथं तुझा बाप घसरला होता. पिवळ्यांना वाटलं नवीनच पाऊल आहे. फीफीला सांग, तेवढं शिकू नको."

फीफीनं नेमकं तेच पाऊल सगळ्यात झोकात उचललं. सणाच्या दिवशी त्यानं डावा गुडघा टेकला, तेव्हा सुपीनं स्वतःच्या गळ्यातलं फडकं काढून त्याच्या गळ्यात घातलं. निशाण आमच्याच घरात राहिलं, आणि ते कोणामुळे हे अख्ख्या किनाऱ्याला माहीत आहे.

गर्दीतून अराबानं पलीकडे बघितलं. जिथं निळ्यांची गल्ली संपते तिथं, हद्दीच्या दगडाला पाऊल लावून, कोबिना मामा खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा होता. आत कॅसेट नाही, असं तो शेजारच्यांना सांगत होता.

कॅमेऱ्यावरचा दिवा मात्र लुकलुकत होता.